दीड वीत

रविवारी आम्ही फायनल हरलो आणि सोमवारी सकाळी सातच्या आत तीन माणसं माझ्या खोलीत येऊन बसली. माझी खोली म्हणजे मैदानाच्या कडेची साहित्याची खोली. चुन्याची पोती, रेघा ओढायचं चाकाचं यंत्र, कोपऱ्यात झेंडे, खिळ्याला दोरी, आणि भिंतीवर एकोणीस वर्षांपूर्वी जिंकलेल्या कपाचा फोटो. बसायला एक बाक आणि दोन पालथ्या बादल्या. मैदान मी राखते. आधी नवरा राखायचा, बावीस वर्षं राखलं त्याने. दोन वर्षांपूर्वी त्याचा मणका सरकला आणि तो घरी फळीवर आडवा झाला, तेव्हापासून त्याचं यंत्र, त्याची दोरी आणि त्याची ही तीन माणसं माझ्या वाट्याला आली. यंत्राला तेल लागतं, दोरीला काही लागत नाही, माणसांना चहा लागतो.

तिघांत मास्तर मोठे. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, अजून बोलताना बोटांत खडू असल्यासारखा हात धरतात. दुसरा चष्मेवाला, बाजारात त्याचं दुकान आहे आणि जगातल्या सगळ्या भानगडी नजर अधू असल्यामुळे होतात असं त्याचं मत आहे. तिसरा बेकरीवाला. पहाटेची भट्टी उरकून भुवयांना पीठ तसंच घेऊन येतो, आणि संघ हरला की खरोखर रडतो. खेळ कुणीच खेळलेला नाही. पण तिघांनी तीस वर्षांत एकही सामना चुकवलेला नाही, म्हणून मी चहा करते.

"रेफ्रीला लांबचं दिसत नाही," चष्मेवाला म्हणाला. "शिट्टी वाजवताना डोळे बारीक केले होते त्याने. माझ्याकडे आला असता तर फुकट नंबर काढून दिला असता."

"दोघं पुढे ठेवले तिथेच हरलो," मास्तर म्हणाले. "मधली फळी उघडी पडली. साधी वजाबाकी आहे."

"मला विचाराल तर गवताने घात केला," बेकरीवाला म्हणाला आणि माझ्याकडे बघून पटकन चहात टोस्ट बुडवला. कारण गवत माझं होतं. फायनलला मैदान हिरवंगार दिसावं म्हणून मी सहा आठवडे ते बंद ठेवलं होतं आणि पोरांचा सराव शाळेच्या मैदानावर होत होता. "गवत वाढलं, खेळ सुकला," असं तो पुटपुटला, पण पुटपुटला मला ऐकू जाईल असंच.

कुठूनही सुरुवात केली तरी गाडी एकाच ठिकाणी येऊन थांबायची. अठ्ठ्याऐंशीवं मिनिट. शून्य-शून्य. त्यांचा पुढचा खेळाडू चेंडू घेऊन आत शिरत होता आणि आमच्या डाव्या बाजूच्या पोराने त्याला आडवा पाय घातला. गोलसमोर आखलेल्या बॉक्सच्या बाहेर घातला असता तर नुसती फ्री किक, भिंत उभी केली की निभावलं असतं. पण पाय पडला रेघेच्या आत. पेनल्टी, गोल, आणि कप गेला. तो डाव्या बाजूचा पोरगा म्हणजे माझा दीर. आम्ही त्याला धाकटाच म्हणतो. मी या घरात आले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि माझ्या लग्नाच्या साडीला नाक पुसून पळाला होता.

ती तिघं माझ्यासमोर त्याचं नाव घेत नव्हती. "त्याने" म्हणायची. "त्याने घाई केली." "त्याचा पाय हावरा आहे." मी यंत्राची चाकं पुसत उभी राहायची. पुसलेलीच पुन्हा पुसायची.

घरी वेगळंच होतं. धाकटा काचा बसवायचं काम करतो. खिडक्यांच्या, कपाटांच्या, दुकानांच्या. सोमवारपासून तो कामावरून आला की आपल्या खोलीत जायचा आणि चालायचा. भिंतीपासून दारापर्यंत, दारापासून भिंतीपर्यंत. मध्येच थांबायचा, मागे यायचा, पुन्हा पावलं टाकायचा. बाहेर नवरा फळीवर पडून ती पावलं ऐकायचा आणि मी पोळ्या लाटताना ऐकायची. एका घरात तीन माणसं, आणि तिघांचंही लक्ष त्या पावलांकडे.

मंगळवारी मी ताट घेऊन आत गेले. तो मोबाइलवर तोच फोटो मोठा करून बघत होता. कुणीतरी गोलामागून काढलेला, सगळ्या शहरात फिरलेला फोटो. त्यात त्याचा पाय रेघेच्या आत स्वच्छ दिसत होता, वीतभर तरी आत.

"वहिनी, मी बाहेर होतो," तो म्हणाला.

"फोटो तर आत सांगतोय."

"तेच तर. फोटो आत सांगतोय आणि माझे पाय बाहेर सांगतायत. खाली बघायला वेळ नसतो गं तेव्हा. पाय मोजतात. महिना-दीड महिना रोज तेच मोजलं. मी बाहेर होतो."

मी ताट ठेवलं. काय बोलायचं ते सुचेना, म्हणून "जेवून घे" म्हटलं. ते सुचायला अक्कल लागत नाही.

आमच्या घराच्या भिंती पातळ. त्याचं हे वाक्य साहित्याच्या खोलीपर्यंत पोचायला एक दिवस पुरला. बुधवारी बेकरीवाला बादलीवर बसता बसता म्हणाला, "ऐकलं का, तो म्हणतो मी बाहेरच होतो. नाचता येईना, अंगण वाकडं." तिघं हसली. मीही हसले असते, माणूस दुसऱ्या कुणाचा असता तर.

त्याच दिवशी धाकट्याने एका दवाखान्याच्या खिडकीची काच कमी कापली. बोटभर कमी. बारा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मालक काही बोलला नाही, तेच त्याला लागलं. घरी आला तो दारातच उभा राहिला, चपला काढायचंही सुचत नव्हतं.

"शुक्रवारी जर्सी परत करतो," तो म्हणाला. "मास्तरांकडे देतो, तेच बघतात ना. आपण कुठे उभे आहोत हे ज्या पायांना कळत नाही, ते पाय काय खेळणार? आणि आता हातांनाही कळेनासं झालंय."

नवरा फळीवरून म्हणाला, "एका सामन्यावरून असं करतात का?" धाकटा आपल्या खोलीत गेला. चालू लागला. भिंत, दार, भिंत.

मला तो उगाच हट्ट करतोय असं वाटत नव्हतं, हीच माझी पंचाईत होती. खोटं बोलायचं असतं तर तो आल्या आल्या बोलला असता, त्या तिघांसमोर बोलला असता. हा एकटाच खोलीत बसून आपल्या पायांशी भांडत होता. मला राहवेना. पोळी करपली, दुसरी करपली. आणि मग डोक्यात आलं की त्याचे पाय शाळेच्या मैदानावर मोजायला शिकले आणि रेघ माझ्या मैदानावर होती.

गुरुवारी सकाळी तो अंघोळीला गेला तशी मी त्याच्या पिशवीतून स्टीलची टेप काढून घेतली आणि मैदानावर आले. तिघं यायच्या आधी मोजायचं होतं. गोलच्या रेघेत टोक खोचलं आणि टेप ओढत निघाले. बॉक्सची रेघ साडेसोळा मीटरवर हवी. साडेसोळा आले, आणि माझी रेघ अजून पुढेच होती. सोळा मीटर त्र्याऐंशी. मी परत गेले, परत मोजलं. त्र्याऐंशी. दुसऱ्या टोकाचा बॉक्स मोजला. तिथेही त्र्याऐंशी. पेनल्टीचा ठिपकासुद्धा वीतभर लांब. दोन वर्षं मी या रेघा ओढतेय, दर सामन्याला, जीव ओतून, आणि सरळ रेघेचं कौतुक ऐकून मान ताठ करतेय.

पण मी त्या स्वतःच्या मनाने ओढत नाही. नवऱ्याची दोरी आहे. कामाला लागला तेव्हा त्याने ती केली होती, अंतरा-अंतरावर रंगीत चिंध्या बांधलेली. गोलच्या रेघेशी खुंटी ठोकायची, दोरी ताणायची, लाल चिंधीपाशी दुसरी खुंटी, की बॉक्स झाला. मी खोलीतून दोरी आणली आणि टेपच्या बाजूला आडवी घातली. लाल चिंधी सोळा मीटर त्र्याऐंशीवर होती. गाठ जुनी, काळी पडलेली. माझी नव्हती ती.

मी तशीच घरी गेले. धाकटा कामाला गेला होता, पिशवीत टेप नाही म्हणून चरफडतच गेला असणार.

"अहो, ही दोरी कशाने मोजली होतीत?" मी दारातूनच विचारलं.

"आईच्या टेपने. का?"

सासूबाई शिवणकाम करायच्या. त्यांचं मशीन अजून घरात आहे, त्यावर आम्ही इस्त्रीचे कपडे ठेवतो. मी कपडे उचलून ड्रॉवर उघडला. बटणं, खडूचे तुकडे आणि तळाला ती कापडी टेप, आकडे पुसट झालेले, हाताळून हाताळून मऊ पडलेली. दीड मीटरची. मी ती नवऱ्याच्या पोटावरच पसरली आणि शेजारी स्टीलची टेप धरली. आईचं दीडशे, स्टीलवर एकशे त्रेपन्न. कापड ताणलं जातं. साडेसोळा मीटर मोजायला ती टेप अकरा वेळा ठेवावी लागते. अकरा त्रिक तेहतीस.

"दीड वीत," नवरा म्हणाला. मास्तरांपेक्षा लवकर त्याने हिशोब केला. "म्हणजे धाकटा बाहेर होता."

"होता."

"चोवीस वर्षं," तो म्हणाला. "दर सामन्याला." त्याने उठून बसायचा प्रयत्न केला, ते जमलं नाही, आणि मग असं काही बोलला जे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. "तो कपाचा फोटो."

एकोणीस वर्षांपूर्वीचा तो कप आम्ही पेनल्टीवरच जिंकला होता. भिंतीवरच्या फोटोत आमचा तेव्हाचा कप्तान पालथा पडतोय आणि त्याच्या बुटाचं टोक बॉक्सच्या रेघेला लागलंय, जेमतेम. त्या टोकाची गोष्ट तिघं अजून सांगतात. रेघ जागेवर असती तर ते टोक दीड वीत बाहेर असतं. आमच्या क्लबने आजवर जिंकलेला तो एकच कप. आणि फोटोच्या कोपऱ्यात चुन्याची बादली घेऊन नवरा उभा आहे, पंचविशीतला, ताठ पाठीचा.

"काय करू?" मी विचारलं.

"धाकट्याला सांग."

"आणि त्या तिघांना?"

"सांग. माझं नाव घेऊन सांग. उद्या पोरगा जर्सी देणार आहे."

मला त्याचा अभिमान वाटला आणि रडूही आलं. दोन्हीला वेळ नव्हता, मैदानावर पाणी सोडायचं होतं.

त्या संध्याकाळी धाकटा आला, डोकं दुखतंय म्हणाला आणि दार लावून घेतलं. शुक्रवारी मी उठायच्या आत कामावर गेला. टेप माझ्याकडेच राहिली. दिवसभर ती माझ्या खिशात होती आणि चालताना मांडीवर आपटत होती. दुपारनंतर तिघं आली, बसली, आणि पाचव्या दिवशीही तोच विषय.

"मूळ कारण मानसिक आहे," मास्तर सांगत होते. "रेघ कुठे आहे याचं भान सुटलं. भान सुटलं की संपलं."

"रेघच चुकलेली आहे," मी म्हणाले.

तिघांनी माझ्याकडे बघितलं. मी दोरी, टेप, सासूबाई, सगळं एका दमात सांगून टाकलं. बोलताना आवाज चढला, तो चढू दिला. मास्तर म्हणाले, "मोजून बघू." त्या बाबतीत माणूस सच्चा. आम्ही चौघं बाहेर गेलो. बेकरीवाल्याने टोक धरलं, मास्तर गुडघ्यावर बसले आणि आकडा वाचला. चष्मेवाल्याने चष्मा काढून वाचला, घालून वाचला. तेवढाच होता.

"म्हणजे आपण हरलोच नाही," बेकरीवाला म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "पोरगा बाहेर होता. अरे, आपण हरलोच नाही." त्याने मला हात जोडले. "वहिनी, चुकलं माझं. अंगण खरंच वाकडं निघालं." पाच दिवसांत पहिल्यांदा माझा जीव भांड्यात पडला.

खोलीत परत आलो तेव्हा चष्मेवाला भिंतीसमोर जाऊन उभा राहिला. त्याने बोट त्या फोटोतल्या बुटाच्या टोकावर ठेवलं. मग वळून मला विचारलं, "ही दोरी तेव्हाही हीच?"

"हीच."

बेकरीवाल्याचा चेहरा बघता बघता उतरला. शेवटी मास्तरांनी घसा साफ केला. "उन्हाने धातू वाढतो," ते म्हणाले. "टेपवर भरवसा ठेवता येत नाही."

"दीड वीत वाढतो, मास्तर?"

"मी शक्यता सांगतोय." ते माझ्याकडे बघत नव्हते. "आणि समजा नसेलही वाढला, तरी आता उकरून काय मिळणार? निकाल फिरत नाही. तुमच्या नवऱ्याचंही नाव जाईल, वहिनी. बावीस वर्षांची सेवा आहे. इथल्या इथे राहू द्या."

"शिवाय पाय घातला हे तर खरं ना," चष्मेवाला म्हणाला. "आत काय, बाहेर काय. घालायलाच नको होता."

बेकरीवाल्याने मान हलवली, आधी थोडी, मग जोरात. मला त्यांची शिसारी आली. पाच दिवस कारण शोधत होती ती तिघं, आणि कारण हातात दिलं तर हात मागे. चहाचे कप मी अर्धे भरलेलेच उचलले आणि धुवायला नेले. नळ सोडला तेव्हा फाटकातून धाकटा येताना दिसला, हातात घडी केलेल्या जर्सीची पिशवी.

मी त्याला वाटेतच गाठलं आणि खिशातली टेप त्याच्या हातात दिली. "मोज."

"माझी टेप? दोन दिवस शोधतोय मी. काय मोजू?"

"बॉक्स मोज. काच मोजतोस तसा."

त्याने पिशवी गवतावर ठेवली. मी टोक धरलं. तो मागे मागे जात रेघेपाशी पोचला, वाकला, आणि वाकलेलाच राहिला. मग टेपवरच्या साडेसोळाला एका हाताचा अंगठा लावला आणि तिथून रेघेपर्यंत वीत टाकली. एक. मग अर्धी. हात तसाच ठेवून माझ्याकडे बघितलं.

"दोरी दादाची?"

"हो."

"आणि दोरी कशाने मोजली?"

"तुझ्या आईच्या टेपने. ताणलेली निघाली."

तो हसला. जरासाच, पण त्या आठवड्यातला पहिला. "त्या टेपने मला किती शर्ट ढगळ झाले," तो म्हणाला. मग उठला, गोलपासून चालत आला, पंधरा, सोळा, सतरा अशी काहीतरी मोठी पावलं मोजत, आणि डोळे मिटून थांबला. पायाखाली रेघ नव्हती. रेघ पुढे होती. "मी बाहेर होतो," तो म्हणाला. मला सांगायला नव्हे, आपल्याशीच. नंतर त्याने खोलीच्या दाराकडे बघितलं. तिथून भिंतीवरचा फोटो दिसत नाही, पण तो त्याला पाठ आहे. कपाच्या दिवशी तो दहा वर्षांचा होता आणि चुन्याच्या बादलीमागे बसून सामना बघत होता. फोटोत त्याचा एक गुडघा आलाय.

"त्यांना माहीत आहे?"

"आत्ताच मोजून गेलेत. त्यांना हे नकोय."

"हं." त्याने टेप गुंडाळली, खिशात घातली, पिशवी उचलली. दोन पावलं गेला आणि वळला. "वहिनी, दादाला सांगू नकोस."

दादाला ते गुरुवारीच कळलं होतं.

तो खोलीत शिरला. मी दारात उभी राहिले. "मास्तर," तो म्हणाला, "त्या मिनिटाला पाय मी घातला. घाई झाली माझी. पाच दिवस तुम्ही तेच म्हणताय, बरोबर आहे तुमचं. आता दुसरं काहीतरी बोला."

आवाजात राग नव्हता, म्हणूनच असेल, तिघांपैकी एकालाही मान वर करता आली नाही. खडू धरल्यासारखा मास्तरांचा हात हवेतच राहिला. मग ते बाकावरून उठले आणि त्याला जागा दिली. चष्मेवाला काच पुसत बसला. बेकरीवाल्याने टोस्टचा अख्खा पुडा त्याच्यापुढे सरकवला. धाकट्याने त्यातला एक घेतला आणि जर्सीची पिशवी दोरीच्या खिळ्याला अडकवली. "धुऊन आणलीय," तो म्हणाला. "रविवारी लागेल." आणि कामावर परत गेला. दवाखान्याची काच नव्याने बसवायची राहिली होती.

मी दोरी काखेत मारून घरी आले. नवरा माझी वाटच बघत होता, मान दाराकडे वळवून.

"सांगितलंस?"

"सांगितलं. तिघांनाही आणि त्यालाही."

"काय म्हणाला?"

खोटं बोलायचा विचार आला होता मनात. पण त्या आठवड्यात मला मापांचा कंटाळा आला होता, खोट्याचाही. "म्हणाला, दादाला सांगू नकोस."

नवऱ्याने डोळे मिटले. त्याने हात पुढे केला, मी दोरी दिली, आणि त्याने आंधळ्यासारखी बोटांनी चाचपत ती लाल चिंधी शोधून काढली.

"मग मला काही माहीत नाही," तो म्हणाला. "दार लाव. तो यायच्या आत गाठ सोडून दीड वीत अलीकडे बांधू."